सरळ आस

आस म्हणजे चाकाला आधार देणारा आणि ज्याच्याभोवती चाक फिरते तो दांडा. घरी केलेल्या छोट्या गाडीत तो सरळ असणे ही बाब वरवर क्षुल्लक वाटली, तरी गाडीचे सारे धावणे तिच्यावरच अवलंबून असते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी यांनी कब स्काउट मुलांसाठी सुरू केलेल्या ‘पाइनवुड डर्बी’त, म्हणजे पाइनच्या ठोकळ्यातून कोरलेल्या व केवळ उताराच्या जोरावर धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत, आसाचे काम साधा खिळा करतो, आणि तेथेच कारागिरीची खरी कसोटी लागते.

खिळा साच्यात दाबून घडवलेला असल्याने त्याच्या डोक्याखाली धातूची बारीक कड, म्हणजेच बर, उरते आणि ती चाकाच्या तुंब्याला घासून वेग खाते. म्हणून खिळा ड्रिलच्या चकमध्ये फिरवत ठेवून बारीक कानशीने ती उतरवावी लागते व मग ओल्या पॉलिश पेपरने खिळ्याला आरशासारखी चकाकी आणावी लागते. वाक मात्र नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. डोके कडेबाहेर ठेवून वाकलेला खिळा सपाट काचेवर लोटला की त्याच्याखालची प्रकाशाची फट उघडते आणि मिटते. फट सर्वांत रुंद दिसेल तेथे फुगवटा वर ठेवून हातोडीने अगदी हलकेच ठोकावे, पुन्हा लोटून पाहावे, आणि ही चिकाटी लहान हातांना लाभणे हेच या खेळाचे सर्वांत मोठे देणे मानावे लागेल.

आस बसवण्याचे ठोकळ्यातील भोक काटकोनात नसेल, तर इतक्या कष्टाने सरळ केलेला आसही गाडीला मार्गाच्या कडेवर घासत नेतो.