साठवलेलेच उरते

मी विष्णुपुरीला राहतो. एकदा शाळेच्या संगणकावर मी ५० मुलांचे गुण भरले. फाईल उघडीच ठेवून तिची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. इतक्यात वीज गेली. नंतर पाहतो तर नकलेत ३० मुलांचेच गुण! संगणकावरही तेवढेच.

असे का झाले? न साठवलेला मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. नक्कल होते ती डिस्कवर साठवलेल्या मजकुराची. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत वापरात असलेल्या फाईलचीही नक्कल घेण्याची सोय झाली. पण न साठवलेले तिच्यातही येत नाही. आमच्या गोदावरीचेच पाहा. विष्णुपुरीच्या धरणात साठवलेले पाणी नांदेडला प्यायला मिळते. वाहून गेलेले मिळत नाही.

उत्तरपत्रिका मी मुलांना परत दिल्या होत्या. राहिलेल्या २० जणांकडून त्या पुन्हा मागवल्या. एकाची हरवली होती. "सर, मला नऊच गुण होते. मी नापास होतो," तो मान खाली घालून म्हणाला. मी नऊ लिहिले.

चूक माझी होती; लाज वाचवली त्याने. म्हणून मुलांनो, आधी फाईल साठवा, बंद करा, मग नक्कल घ्या आणि ती उघडून पाहा. असा खरा मुलगा दर वेळी भेटेलच असे नाही.