पांढऱ्या सदऱ्याचा शब्द

आज वहीत दोनच इंग्रजी शब्द उतरवले, पण झोप उडाली. पहिला ‘कँडिडेट’. मूळ लॅटिन, अर्थ पांढरी वस्त्रं ल्यालेला. प्राचीन रोममधले उमेदवार खडूनं उजळवलेला झगा घालून मतं मागत फिरायचे. म्हणजे आपल्याकडचा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा तसा जुनाच! दुसरा ‘व्हिप’. कोल्ह्याच्या शिकारीत भरकटलेली कुत्री चाबकाच्या धाकानं टोळीत परत आणणाऱ्या माणसावरून तो ब्रिटिश संसदेत शिरला. आपण ‘पक्षादेश’ म्हणतो, कुत्री गाळून. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते. ‘मेयर’ पाठ करायची गरजच नाही. सावरकरांनी घडवलेला ‘महापौर’ आधी ओठांवर येतो. उद्या ‘फिलिबस्टर’. त्याच्या मुळाशी लुटारू आहेत म्हणे.