आठशे वॅटची वाफ

खोक्यावर ठळक छापलं होतं : दर मिनिटाला ३० ग्रॅम वाफ. त्याच्याच खाली, बारीक अक्षरांत, ८०० वॅट. हे दोन आकडे एकाखाली एक छापताना कंपनीतल्या एकालाही काही खटकलं नाही, याचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी शास्त्रीय गायनाच्या परीक्षा घेते. सत्र आलं की लातूर, उदगीर, अकोला, चिपळूण असं फिरणं असतं. मुक्काम लॉजवर, नाहीतर केंद्रचालकांच्या घरी. नेसते बहुतेक सुतीच, मंगलगिरी किंवा नारायणपेठ, आणि बॅगेतून बाहेर काढली की साडीची पार रया गेलेली असते. सिंथेटिक नेसा, असा सल्ला मला पुष्कळांनी दिलाय. मे महिन्यात उदगीरला दिवसभर सतरंजीवर बसणाऱ्या बाईला हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तसं बसून पाहावं. आणि प्रश्न फक्त उकाड्याचा नाही. परीक्षेला दहा-बारा वर्षांची मुलं येतात. आईने पहाटे उठून इस्त्री केलेला झब्बा, परकर-पोलकं. चुणी पडू नये म्हणून मांडीसुद्धा जपून घालतात. त्यांच्यासमोर परीक्षकाने चुरगळलेल्या साडीत बसावं, हा मला त्या मुलांचा अपमान वाटतो.

लॉजवर मागितली तर इस्त्री मिळते. तिच्या तळाला आधीच्या कुणाच्या तरी नायलॉनचा जळका थर असतो. माझ्या पांढऱ्या मंगलगिरीच्या पदरावर तो थर तपकिरी होऊन उतरला, तेव्हा स्वतःची इस्त्री बाळगायची हे ठरलं. आधी हातात धरायचा उभा स्टीमर आणला. टांगलेल्या शिफॉनला, कुर्त्याला तो चांगला. खळ दिलेल्या सुती साडीला मात्र त्याचा काही उपयोग नाही. सुताची चुणी मोडायला ओल, उष्णता आणि दाब हे तिन्ही एकदम लागतं. नुसत्या वाफेने खळ उलट नरम पडते आणि निऱ्या उभ्या राहत नाहीत.

मग ऑनलाइन मागवली ती ही छोटी वाफेची इस्त्री. पन्नास मिलिलिटरची टाकी, दुमडणारी मूठ, दिसायला देखणी. पहिला पदर बरा झाला. निऱ्यांपर्यंत येईतो वाफ बंद आणि तळाच्या भोकांतून पाणी टपकायला लागलं. टपकलं तिथे पांढरट खडूसारखे डाग. मी डायल तीन ठिपक्यांवर ठेवला होता, म्हणजे सुती कपड्याचं, २०० अंशांपर्यंतचं तापमान. पाणी खुणेच्या वर भरलं नव्हतं.

फोन केला. पलीकडचा मुलगा सौम्य होता, हे सांगायला हवं.

"मॅडम, डायल कमी असेल."

"तीन ठिपक्यांवर होता."

"मग पाणी जास्त भरलं गेलं असेल."

"खुणेपर्यंतच भरलं."

"मॅडम, वाफ तुम्हाला दिसत नसेल. चांगली वाफ डोळ्यांना दिसतच नाही."

हे शेवटचं वाक्य मला इतकं झोंबलं की मी माझ्या नणंदबाईंना फोन लावला. त्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "अगं, एवढं मात्र तो खरं बोलला. खरी वाफ अदृश्यच असते, आपल्याला दिसतात ते तिचे थंड झालेले थेंब. पण वॅट किती आहेत ते सांग."

आठशे, म्हटलं.

"मग मांड हिशेब. ८०० वॅट म्हणजे सेकंदाला ८०० ज्यूल, मिनिटाला ४८,०००. घरातल्या साध्या तापमानाचं एक ग्रॅम पाणी उकळीला आणून त्याची वाफ करायची तर अडीच हजारांहून थोडे जास्त ज्यूल लागतात. भाग दे."

भागाकार १९ च्या आतच राहिला.

"आणि हे सगळी वीज फक्त पाण्यावर खर्च झाली तर. कापड कोण तापवणार? ३० ग्रॅम हवेत तर पावणेतेराशे वॅट नुसते वाफेला लागतील."

मी म्हटलं, "वन्सं, मग हे छापलं कसं?"

त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पाणी का टपकतं ते मात्र त्यांनी सांगितलं. छोट्या इस्त्रीचा तळ हलका, त्यात उष्णतेचा साठा कमी. वाफ सोडली की तळ झपाट्याने निवतो, आणि आतली तार पुन्हा तापवेपर्यंत येणारं पाणी वाफ न होता तसंच खाली येतं. लॉजवरचं बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार म्हणजे ते खडूचे डाग. शिवाय टाकी ५० मिलिलिटरची. मिनिटाला ३० ग्रॅम खरोखर निघाले असते तर दोन मिनिटांच्या आत ती रिकामी व्हायला हवी होती, आणि साडी साडेपाच मीटरची! खोकं स्वतःच स्वतःला खोडून काढत होतं.

हा हिशेब मी सविस्तर लिहून पाठवला. उत्तर आलं, की आकडा आदर्श परिस्थितीतला आहे. कुठल्या आदर्श परिस्थितीत अडीच हजार ज्यूलचे दीड हजार होतात? पैसे परत मागितले तर कळवलं, की टाकीत पाणी भरल्यामुळे वस्तू वापरलेली ठरते आणि वापरलेली वस्तू परत घेत नाहीत. पाणी न भरता वाफेची इस्त्री चालते की नाही हे माणसाने कसं पाहायचं, ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. पुन्हा पुन्हा तेच छापील वाक्य. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पैसे आले. माझा राग पैशांचा नव्हताच. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा फसव्या जाहिरातींबद्दल बोलतो, आणि ती इस्त्री त्याच ३० ग्रॅमसह विकली जात होती.

त्यानंतर पुण्यात तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने पाणी भरून, प्लगला लावून इस्त्री माझ्या हातात दिली. मी तिच्यावर आयएसआयची खूण आहे का ते आधी पाहिलं. विजेच्या इस्त्रीला ती आपल्याकडे सक्तीची आहे, आणि ऑनलाइन येणाऱ्या परदेशी छोट्या इस्त्र्यांवर ती शोधावी लागते. मग ठिपक्यांचा डायल, दोन मीटर वायर, ब्लाउजच्या बाहीत शिरेल असं टोक. वाफ बंद करायची कळ वेगळी हवीच, कारण टसरवर थेंब पडला की डाग राहतो. हजार वॅटपर्यंतची इस्त्री लॉजच्या सहा अँपियरच्या साध्या सॉकेटवर चालते, त्याहून मोठी घेऊ नये. वजन बेताचंच असावं, पण अगदी हलकीही नको. दाब आपल्या मनगटाने किती देणार?

पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड, छोट्या बाटलीत बरोबर नेते. टाकी रिकामी केल्याशिवाय इस्त्री बॅगेत टाकत नाही. टेबलावर घोंगडी चौपदरी घालून इस्त्री करते, गादीवर कधीच नाही. रेल्वेच्या डब्यातलं सॉकेट मोबाइलसाठी आहे, तिथे इस्त्री लावणाऱ्यांना मी टोकते. भाची न्यू जर्सीला निघाली तेव्हा माझी इस्त्री मागत होती. तिला दिली नाही. तिकडे १२० व्होल्ट, २३० व्होल्टची इस्त्री तिथे जेमतेम पाव ताकदीने तापते आणि पिनेचा ॲडॉप्टर व्होल्टेज वाढवत नाही. तिकडची इकडे आणली तर ती जळते. दोन्ही व्होल्टेज लिहिलेली असेल तरच न्यावी.

एवढं सगळं करून मंगलगिरीला मी आता वाफ लावतच नाही. हाताने पाणी शिंपडते, साडी गुंडाळून ठेवते आणि कोरड्या तळाने दाबून फिरवते. निऱ्या सुरीसारख्या उभ्या राहतात. वन्सं म्हणतात, मग साधीच छोटी इस्त्री घ्यायची होतीस, वाफेसाठी एवढं भांडलीस कशाला? त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. पण लिननची चुणी शिंपडलेल्या पाण्याने हटत नाही, तिथे वाफ लागतेच, आणि लिनन मी नेसत राहणार आहे. ही इस्त्री बिघडली की पुढचीही टाकीवालीच घेईन, दुकानात पाणी भरून पाहून.