भिशीच्या पैशांत कोकण

मालवण, सोमवार रात्र

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू सगळं ऐकतेस आणि भावोजींपर्यंत त्यातलं निम्मंच जातं. भिशीत माझा नंबर आधी लागला म्हणून आम्ही आधी निघालो. पुढे तुमचा लागेल तेव्हा तेच 15,000 रुपये आणि हाच किनारा. म्हणून सगळं कागदावर उतरवून काढते आहे, जपून ठेव.

आधी तिकिटाचं. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे रविवारी रात्री घरून निघायचं असेल तर तिकीट सोमवारच्या तारखेचं काढायचं. ही गोष्ट भावोजींना दोनदा सांग. आम्ही ठाण्याला चढलो. स्लीपरचं दोघांचं जाण्यायेण्याचं मिळून दीड हजाराच्या आत बसलं आणि रात्र गाडीत गेल्यामुळे एका खोलीचं भाडंही वाचलं. केशवसुतांच्या कवितेवरून नाव ठेवलेली गाडी आहे, पण डब्यात रात्रभर जी तुतारी वाजत होती ती वरच्या बर्थवरच्या एका काकांची.

जानेवारी का धरला, हे तू विचारलं होतंस. स्वस्तात कोकण बघायचं तर चाकरमानी जेव्हा गावी जात नाही तेव्हा जायचं. गणपती, दिवाळीची सुट्टी, नाताळ, शिमगा आणि मे महिना हे दिवस सोडून द्यायचे. आंगणेवाडीच्या जत्रेला तर ठरलेली तिथीसुद्धा नसते. देवीचा कौल घेऊन तारीख ठरवतात, ती जाहीर झाली की गाड्या भरतात आणि मालवणात खोली मिळेनाशी होते. पावसाळ्यात खोल्या स्वस्त असतात हे खरं, पण 26 मे ते 31 ऑगस्ट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, आणि जून-जुलैत मासेमारीला बंदी. समुद्र लांबून बघायचा आणि जेवायला अंड्याची आमटी, असं कोकण मला तरी नको.

कुडाळला उतरलो तर स्टेशनाबाहेर रिक्षावाले उभेच होते. मालवणचे हजाराच्या खाली कुणी बोलेना. आम्ही शेअर रिक्षाने एस.टी. स्टँडवर गेलो आणि लाल गाडी पकडली. मार्च 2023 पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा यांचा प्रवास दुप्पट महाग पडतो, आणि ते मी यांना प्रत्येक थांब्यावर ऐकवते. वाटेत धामापूरचं तळं लागतं. उतरलो नाही, पण खिडकीतून जेवढं दिसलं तेवढ्यानेच डोळे निवले. आंबे मोहोरलेत. गाडीत सगळीकडे त्याचा वास होता, आणि थोडा सुक्या बांगड्याचाही.

खोली गावात घेतली आहे, दांडीच्या बाजूला. 1,100 रुपये, पंखा, बाथरूम आणि आंघोळीला बंबाचं गरम पाणी. तारकर्लीला समुद्रासमोरच्या खोलीचा भाव याच्या दुपटीवर होता आणि जेवायलाही तिथेच बसावं लागलं असतं. इथून बाजार, स्टँड, जेटी, सगळं चालत. हे फार महत्त्वाचं आहे ताई. कोकणात पैसे खोलीला जात नाहीत, खाण्यालाही फारसे जात नाहीत, ते चाकाला जातात. ‘एका दिवसात पाच ठिकाणं’ अशी पाटी दिसली की ती पाचही ठिकाणं रिक्षावाल्याची असतात, आपली नसतात.


मालवण, बुधवार

ताई,

काल किल्ला केला. जेटीवरून होडी, माणशी तिकीट, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला, हे शाळेत पाठ केलं होतं. पण होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. तटाला वळसा घातला की एकदम समोर येतो. आत वस्ती आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारं पाणी आणि मधे गोडं. शिवराजेश्वराच्या देवळात महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, डोक्यावर कोळ्याची असावी तशी टोपी. आपल्या डोळ्यांत बसलेल्या चित्राशी ती जुळत नाही, त्यामुळे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हा आहे.

परतीच्या होडीची वेळ नावाडी सांगतात ती तासाभराचीच असते. त्यांना आधीच विचारून नंतरच्या होडीने यायचं ठरवा. तासाभरात तटावरून चालणंसुद्धा होत नाही.

फुकटातलं एक ठिकाण लिहून ठेव: मोरयाचा धोंडा. किनाऱ्यावरच्या एका खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. किल्ल्याचा पाया घालण्याआधी महाराजांनी इथे पूजा केली असं सांगतात. आमच्या खोलीपासून रमतगमत चालत गेलो. आमच्याशिवाय एक कुत्रा आणि जाळं शिवत बसलेले एक आजोबा. “खंयसून इलात?” एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत परत जाळ्यात डोकं घातलं.

आता जेवणाचं, कारण भावोजी आधी तेच वाचणार. खाणावळीच्या फळ्यावर बांगडा थाळीपुढे आकडा असतो. सुरमई आणि पापलेट यांच्यापुढे ‘साइजप्रमाणे’. हा शब्द दिसला की खिशाला हात लावायचा आणि बांगडा सांगायचा. पहिल्या दिवशी आम्ही तसंच केलं, दोनशेच्या आसपास एक थाळी, सोलकढी पुन्हा पुन्हा वाढतात. दुसऱ्या दिवशी घरमालकीण काकी म्हणाल्या, “मासे तुमी हाडा, मी करून दितंय.” संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर लिलाव होतो. ती बोली इतक्या भरभर चालते की कोणी काय घेतलं ते कळायच्या आत टोपली उचललेली असते. तिथे आपलं काम नाही. तिथून घेऊन बाजारात बसणाऱ्या बायकांकडे जायचं. शंभराला पाच बांगडे मिळाले, डोळे चकचकीत, कल्ले लाल.

काकींनी केलं ते मी ओट्याशी उभी राहून बघितलं. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद पाट्यावर गंधासारखं वाटलं. कांदा नाही, फोडणी नाही. वाटण पातळ करून चुलीवर, उकळी आली की आमसुलं आणि बांगड्याचे तुकडे. मग मूठभर तिरफळं घेतली, आतली काळी बी काढून टाकली, सालं जराशी ठेचली आणि उतरवायच्या आधी वरून सोडली. त्यानंतर पळी घातली नाही, भांडंच दोन्ही हातांनी धरून हलवलं, तुकडे मोडू नयेत म्हणून. जिभेला मुंग्या आल्या ताई. त्याबरोबर उकड्या तांदळाचा भात. करणावळीचे, भातासकट, दोघांचे दोनशे घेतले. सकाळी घावणे आणि चटणी.

तुझ्या पोटाची चिंता नको. सोमवार-गुरुवार पाळत असशील तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या मिळतात, आणि ते मला बांगड्याच्या खालोखाल आवडलं.


मालवण, शनिवार सकाळ

ताई,

गुरुवारी पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने जाळं समुद्रात अर्धगोलात सोडून येतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात. एकेका दोराला पंधरा-वीस माणसं. ती पाठीमागे रेलून ओढत ओढत मागे सरकतात, शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्यात पुढे जाऊन धरतो, आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. यात तास-दीड तास सहज जातो. हे नुसते बघत होते, तेवढ्यात एकाने “घेवा, धरा” म्हणून दोर हातात दिला. जाळ्याची खोळ वाळूवर आली तेव्हा आत तारल्या उसळत होत्या, मधे थोडे बांगडे, आणि जेलीफिश, ते काठीने बाजूला काढले. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, त्या न्यायाने यांच्याही हातात मूठ-दोन मुठी तारल्या आल्या. यांच्या तळहाताची सालं निघालीत आणि गेले दोन दिवस तो हात प्रत्येकाला दाखवून झाला आहे. एका म्हाताऱ्या रापणकऱ्याने मात्र सांगितलं की आता रोज एवढं लागत नाही. मोठ्या पर्ससीन नौका बाहेरच्या बाहेर थवेच्या थवे उचलतात, किनाऱ्यापर्यंत येतं ते उरलंसुरलं. हे सांगताना त्याचा आवाज चढला होता.

शुक्रवारी देवबागला गेलो, एस.टी.नेच. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे होडीने फिरवतात, पण भाव माणशी नसतो, होडीचा असतो. दोघांसाठी अख्खी होडी म्हणजे आमचा दिवसाचा सगळा खर्च एका तासात. म्हणून आम्ही धक्क्यावर शहाळं पीत बसलो. अर्ध्या तासात कोल्हापूरचं एक कुटुंब आलं, त्यांनाही माणसं हवीच होती. खर्चाची वाटणी झाली आणि त्यांच्या डब्यातला खर्डाही आमच्या वाट्याला आला. समुद्राखाली जायचं ते स्कूबा आम्ही केलं नाही. यांना करायचं होतं, मला वाटलं दोघांच्या त्या पैशांत काकींकडे आणखी एक दिवस राहता येईल. जरा वाद झाला. एक दिवस वाढवला. तुम्ही तुमचं ठरवा. भावोजींना पोहता येतं, तेव्हा त्यांचं मत निराळं असू शकेल.

आणि काल रात्री, ज्यासाठी हे पत्र सकाळीच लिहायला बसले, दशावतार! कार्तिकापासून इथे गावोगाव जत्रा सुरू होतात आणि देवळात रात्रभर नाटक. तिकीट नाही. काकींच्या माहेरच्या गावी जत्रा होती, त्यांच्या टेम्पोत आम्हीही बसलो. नाटक अकराच्या पुढे सुरू झालं. आधी आडदशावतार: गणपती, सरस्वती, मग काळ्या वेशातला संकासुर, त्याला बघून पुढे बसलेली पोरं मागे पळाली. त्यानंतर आख्यान. लिहिलेली संहिता नसते, प्रसंग ठरलेला, संवाद उभ्या उभ्या रचायचे. बायकांची कामंही पुरुषच करतात. राणी झालेल्या नटाचा रंग चालू असताना मी मागे जाऊन बघितलं. ट्रंकेवर मांडी घालून, एका हातात वाटीएवढा आरसा, दुसऱ्या हाताने भुवई काढत होता, आणि तोंडाने शेजारच्याला आपल्या काजूच्या बागेचा हिशेब सांगत होता. दहा मिनिटांनी तोच बाहेर आला आणि पुत्रवियोगाने असा रडला की माझ्या शेजारची आजी पदराला डोळे पुसायला लागली. बाजूला हार्मोनियम, मृदंग आणि झांजा.

परत कसं यायचं, ही आमची काळजी. काकी तर माहेरीच राहणार होत्या. पण त्या गावात वस्तीची गाडी असते. रात्री मुक्कामाला येते आणि पहाटे पहिली फेरी करते. दहीकाला झाला आणि आम्ही सरळ तिच्यात जाऊन बसलो. कंडक्टरही रात्रभर नाटकालाच होता, तिकिटं फाडताना जांभया देत होता. कुठेही गेलात तरी आधी हे विचारा: वस्तीची गाडी आहे का आणि किती वाजता सुटते. इथलं सगळं फिरणं त्या एका उत्तरावर ठरतं.


शिरोडा, सोमवार

ताई,

मालवण सोडवत नव्हतं, पण परतीची तुतारी सावंतवाडीहून संध्याकाळची आहे, आणि वाटेत वेंगुर्ल्याकडचा किनारा बघून घ्यायचा असं यांच्या वहीत आधीपासून होतं. वेंगुर्ल्याला आलो, फार थांबलो नाही, पुढची एस.टी. धरून आरवलीला उतरलो. वेतोबाचं देऊळ. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवसाला चामड्याच्या वहाणा देतात. एकेक वहाण माझ्या हातभर लांब. आणि केळ्यांचे घड. जयवंत दळवींचं गाव हे. यांनी दळवी वाचलेले असल्यामुळे देवळाबाहेर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे ते पात्र असल्यासारखे बघत होते.

शिरोड्यात भावोजींसाठी एक कारण आहे. खांडेकर 1920 पासून इथल्या शाळेत मास्तर होते, अठरा वर्षं. 1930 चा मिठाचा सत्याग्रहही इथलाच. किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, गर्दी नाही, आणि खोली मालवणपेक्षा शंभराने कमी. समुद्र मात्र इथे ओढीचा आहे. पाणी गुडघ्याच्या वर जाऊ दिलं नाही मी. भाडं वाचवण्याच्या नादात निर्जन किनाऱ्यावर पोहायला उतरायचं नाही, गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

हिशेब यांच्या वहीत तारीखवार आहे, आल्यावर देते. मोटामोटी सांगते: चाकाचा खर्च टाळल्यामुळे सगळ्यात जास्त खोलीला गेले, त्याच्या निम्मे जेवणाला, आणि एस.टी.ला इतके कमी की हे तीनदा बेरीज करून बघतात. रिक्षा अगदी मोजक्या वेळा केली. थोडे पैसे उरलेत. उद्या सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी बघू, काजू मात्र घासाघीस केल्याशिवाय घेणार नाही.

आता तुमचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. भिशीचा तुझा नंबर मार्चमध्ये आहे, म्हणजे शिमगा, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. एप्रिलात उकाडा, मे महिन्यात खोल्यांचे भाव. तळमजल्यावरच्या काकूंचा नंबर ऑक्टोबरात आहे आणि त्यांना नातवाच्या मुंजीला पैसे लवकर हवेत असं त्या हळदीकुंकवाला म्हणत होत्या. त्यांच्याशी नंबर बदलून घे आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या रविवारी रात्री निघा. तिकीट सोमवारच्या तारखेचं.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी