कासच्या पठाराची शिल्लक

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून पश्चिमेकडे सुमारे २५ किलोमीटर गेले, की कासचे पठार लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरील हा जांभ्या खडकाचा सडा उन्हाळ्यात ओसाड भासतो. भाद्रपद उजाडला, की त्याच खडकावर तेरड्याची गुलाबी, सोनकीची पिवळी आणि सीतेच्या आसवांची जांभळी पखरण होते. सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक प्रजातींची येथे नोंद आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचाही समावेश आहे.

बदलत्या हवामानात हे वैभव कितपत टिकेल, हे जोखताना शास्त्रज्ञ तीन गोष्टी पाहतात : संकट किती जवळ आहे, त्याचा आघात किती खोल बसेल आणि सावरण्याची ताकद किती आहे. व्यापारी घराण्यांना हा विचार परका नाही. पेढीची पत पाहतानाही बाजारातील मंदी, एकाच मालावरील भिस्त आणि गाठीची शिल्लक तपासली जातेच.

संकट जवळच आहे. १९५० ते २०१५ या काळात पश्चिम किनाऱ्यापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. कासच्या शेजारील महाबळेश्वरात जुलै २०२१ मध्ये एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला.

आघातही खोल बसणारा आहे. खडकावरील मातीचा थर कित्येक ठिकाणी जेमतेम बोटभर असतो. पहिल्या सरींनी रुजायचे, फुलायचे आणि पाऊस सरण्यापूर्वी बी धरायचे, असा येथील बहुतेक रोपांचा क्रम असतो. वर्षाची सारी कमाई चार महिन्यांत! पहिल्या पावसानंतर दीर्घ उघडीप पडली तर कोंब करपतात. ढगफुटीसारखा पाऊस झाला तर मातीसह बी वाहून जाते. डोंगरउतारावरील वनस्पती उष्मा वाढल्यास कालांतराने वर सरकू शकतात. पठारावरील रोपांना वर सरकण्यास जागाच उरलेली नाही.

राहता राहिली गाठीची शिल्लक. ती मातीत निजलेल्या बियांत आणि कंदांत आहे. खडकावरील उथळ डबक्यांत फुलणारा वायतुरा उन्हाळा कंदाच्या रूपानेच काढतो. एक वर्ष वाईट गेले, तरी हे भांडवल पुढील वर्षी पठार पुन्हा फुलवते. मात्र छायाचित्रासाठी ताटव्यात शिरणारी पावले माती दाबतात, रोपे बी धरण्याआधीच चिरडतात आणि हीच शिल्लक खर्ची पडते. म्हणूनच रोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा आणि आखलेल्या वाटेवरूनच चालण्याचा दंडक यांचे मोल मोठे आहे.

पाऊस किती आणि केव्हा पडावा, हे साताऱ्याच्या हाती नाही. पठाराची शिल्लक राखणे मात्र तेथे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.