कानोचा सिनेमा आणि आमचं स्किट

आमच्या विंगमध्ये कुणालाच स्वतःच्या नावाने हाक मारत नाहीत. कोल्हापूरचा तो 'कोल्हापुरी', लातूरचा तो 'लातूर', आणि नायजेरियाच्या कानो शहरातून आलेला तो 'कानो'. हे बारसं पहिल्याच आठवड्यात झालं आणि त्याने ते मुकाट्याने मान्य केलं. निदान आम्हाला तरी तसं वाटलं.

त्याची माझी ओळख बाथरूमबाहेरच्या रांगेत झाली. आतून एका जुन्या हिंदी गाण्याची चाल ऐकू येत होती. सूर पक्का, शब्द मात्र कुठल्या कुठे! दार उघडलं तर खांद्यावर टॉवेल टाकून हा बाहेर. मी विचारलं, "अरे, तुला हिंदी येतं?" तो म्हणाला, "हिंदी नाही येत. सिनेमे येतात."

तेव्हा मी हसलो होतो. त्या वाक्यामागे केवढं शहर उभं आहे ते कळायला दोन वर्षं आणि माझी एक चूक लागली. ती चूक आधीच सांगून टाकतो.

सेकंड इयरच्या गॅदरिंगला आमच्या ब्रँचचं स्किट होतं आणि स्क्रिप्ट माझं होतं. त्यात एक नायजेरियन पात्र होतं. चेहऱ्याला काळा रंग, डोक्याला कुरळा विग, खिशात पुड्या आणि तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी. असं पात्र मी दोन-तीन सिनेमांत पाहिलं होतं, तेच उचललं. हॉल अक्षरशः डोक्यावर घेतला पोरांनी! शिट्ट्या, वन्समोअर, सगळं. कानो पाचव्या रांगेत बसला होता. तो हसला नाही आणि उठूनही गेला नाही.

रात्री साडेअकराला तो माझ्या रूमवर आला. मला वाटलं, आता भांडण. त्याने शांतपणे विचारलं, "ते स्किट पास कुणी केलं?"

मी सांगितलं, कल्चरल कमिटीने. सरांची टिंगल नाही ना आणि शिव्या नाहीत ना, एवढं त्यांनी बघितलं.

"आणि माझ्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही?"

मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सॉरी राहू दे. तुमच्याकडे सिनेमावरून भांडणं होत नाहीत का?" मी म्हटलं, होतात की. पोस्टर जाळतात, थिएटरच्या काचा फोडतात. त्यावर तो पहिल्यांदा हसला. "काचा फोडणं म्हणजे भांडण नव्हे. बस, तुला आमच्याकडची भांडणं सांगतो." मग मेसचा उरलेला चहा गरम करून आम्ही दोन वाजेपर्यंत बसलो. पुढे परीक्षा संपल्यावर मी त्यावर मिळेल ते वाचलं. खाली लिहितोय त्यातलं काही त्याचं आहे, काही वाचलेलं.

कानो हे उत्तर नायजेरियातलं सर्वांत मोठं शहर. भाषा हौसा, बहुसंख्य लोक मुसलमान, आणि सहारा ओलांडणाऱ्या व्यापाराची शेकडो वर्षांची बाजारपेठ. तिथे सिनेमा इंग्रजांनी आणला. सरकारी गाडी गावोगाव फिरायची, पडदा लावायची आणि स्वच्छतेच्या, शेतीच्या फिल्म दाखवायची. 'मॅजिक' या इंग्रजी शब्दावरून लोकांनी त्याला 'मजिगी' म्हणायला सुरुवात केली. आपल्या जत्रेतल्या तंबू थिएटरची आठवण येते की नाही? पण सिनेमाबद्दलचा संशयही तितकाच जुना. १९५१ साली कानोमधल्या 'एल दुनिया' थिएटरला खेळ चालू असताना आग लागली आणि ३३१ माणसं मेली. सिनेमा बघण्याच्या पापाची ही शिक्षा, अशी अफवा शहरभर पसरली आणि ती जाहीरपणे खोडून काढायची वेळ सरकारवर आली. म्हणजे पडद्यावर काय दिसावं आणि कुणी बघावं, हा वाद त्या शहरात सत्तर वर्षांहून जुना आहे.

मग आले आपले हिंदी सिनेमे. ते आणले लेबनीज व्यापाऱ्यांनी, कारण थिएटरं त्यांची होती. 'मदर इंडिया' १९५७ चा, पण कानोमध्ये तो पुढची कित्येक दशकं गर्दी खेचत राहिला. भाषा कळत नाही, देश पाहिलेला नाही, तरी लोक गाण्यांसकट सिनेमे पाठ करत. का? ब्रायन लार्किन या अभ्यासकाने याच प्रश्नावर लिहिलंय. हॉलिवूडच्या सिनेमातली माणसं हौसा लोकांना परकी वाटत. हिंदी सिनेमात मात्र डोक्यावर पदर घेतलेल्या बायका होत्या, वडिलांपुढे मान खाली घालणारी मुलं होती, आणि लग्न घरच्यांनी ठरवायचं की आपण, हा पेच होता. तो पेच त्यांच्याही घरात होता! थिएटरात जाणं बायकांसाठी प्रतिष्ठेचं मानत नसत, म्हणून त्या हे सिनेमे घरी टीव्हीवर आणि कॅसेटवर बघत. कानोच्या आजीने असेच पाहिले. बाथरूममधलं ते गाणं आजीकडून आलेलं होतं.

गंमत पुढे आहे. तिथल्या काही सूफी मंडळींनी हिंदी गाण्यांच्या चालींवर पैगंबरांची स्तुतिगीतं बांधली. गणपतीत सिनेमाच्या चालीवर आरती लागली की आपल्याकडे आजोबा लोक जसे वैतागतात, तसे तिथलेही वैतागले. १९८० च्या दशकापासून बाजारात हौसा भाषेतल्या प्रेमकथांची स्वस्त पुस्तकं येऊ लागली. त्यांना म्हणतात 'सोयय्या', म्हणजे प्रेमाची पुस्तकं. ती लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत बायका खूप. या पुस्तकांनी मुली बिघडतात की त्यांना तोंड फुटतं, यावर वर्तमानपत्रांत वाद झडले. बलराबा रमत याकुबू ही त्यातली गाजलेली लेखिका. तिचं स्वतःचं लग्न बालवयात लावून दिलेलं. तिच्या एका कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१२ मध्ये चक्क चेन्नईच्या प्रकाशकाने छापला. ते सिनेमे इथून तिथे गेले आणि हे पुस्तक तिथून इथे आलं, आम्हाला मात्र पत्ताच नाही!

१९९० मध्ये कानोच्या एका नाटक मंडळीने 'तुर्मिन दान्या' हा व्हिडिओवरचा हौसा सिनेमा काढला आणि घरच्या सिनेमाचा धंदा सुरू झाला. फिल्म नाही, लॅब नाही, व्हीएचएस कॅमेरा आणि बाजारातला कॅसेटवाला. १९९९ मध्ये या धंद्याला 'कॅनीवूड' नाव पडलं. 'नॉलीवूड' हे नाव त्याच्यानंतरचं, २००२ चं. यामाहाच्या कीबोर्डवर चाली बसवायच्या, प्लेबॅक गायक-गायिकांकडून गाऊन घ्यायच्या आणि हिरो-हिरॉइनने झाडांभोवती नाचायचं. आपलंच सगळं! पण ज्या पोशाखात आणि अंतरात हिंदी नायिका खपून जायची, त्यात हौसा मुलगी दिसली की लोक बिथरायचे. परक्याची मुलगी नाचली तर करमणूक, आपली नाचली तर संस्कृतीचा प्रश्न. हे वाक्य कानोचं आहे, पण ते आपल्याकडेही कुठे लिहून ठेवायला हरकत नाही.

२००० मध्ये कानो राज्यात शरियत कायदा लागू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सिनेमे काढण्यावर आणि विकण्यावर बंदी आली. ती उठली २००१ मध्ये, सेन्सॉर मंडळ नेमल्यावर. आणि मंडळ मागितलं कुणी? सिनेमावाल्यांनीच! मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "इंजिनिअर ना तू? सेफ्टी व्हॉल्व्ह कशाला बसवतात?" पूर्ण बंदीपेक्षा नियम बरे, धंदा तरी चालेल, असा त्यांचा हिशोब होता.

हिशोब काही वर्षं जमला. २००७ मध्ये एका अभिनेत्रीची खासगी मोबाइल क्लिप शहरभर फिरली आणि सगळं कोसळलं. क्लिप सिनेमातली नव्हती, तरी शिक्षा सिनेमाला झाली. सहा महिने शूटिंग बंद, मंडळावर नवा कडक प्रमुख, धाडी, अटका. त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरनी मुलींच्या शाळेत प्रेमकथांची पुस्तकं जाळली. २००८ मध्ये इब्रो नावाने घराघरांत माहीत असलेला विनोदी नट रबिलू मूसा तुरुंगात गेला. हमिसू इयान-तामा या निर्मात्याने दंगली थांबाव्यात म्हणून सिनेमा काढला होता, त्यालाही तुरुंग दाखवला.

कानो तेव्हा पाच-सहा वर्षांचा. त्याच्या काकाचं बाजारात कॅसेट आणि सीडीचं दुकान होतं. एका रात्री काकाने सगळा माल पोत्यांत भरून घरी आणला आणि पलंगाखाली लपवला. "महिनाभर आम्ही सिनेमांवर झोपत होतो," तो म्हणाला. काकाने नंतर मोबाइल रिचार्जचा धंदा काढला. पोती तशीच राहिली.

वाद काही संपला नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारला कानोजवळ फिल्म व्हिलेज उभारायचं होतं. मौलवींनी विरोध केला आणि योजना गुंडाळली गेली. त्याच वर्षी रहामा सदाउ या नटीला तिच्याच धंद्यातल्या संघटनेने बाहेर काढलं, कारण एका गाण्याच्या व्हिडिओत तिने गायकाचा हात धरला आणि त्याला मिठी मारली. आणि २०२२ मध्ये हीच बाई हिंदी सिनेमात आली, 'खुदा हाफिज'च्या दुसऱ्या भागात. ज्या सिनेमांनी हा सगळा वाद पेटवला, त्यांच्याच दारात!

एवढं ऐकल्यावर मी म्हणालो, "म्हणजे तुला माझ्या स्किटवर बंदी हवी होती." तो चिडला. त्या रात्री पहिल्यांदाच. "काकाचं दुकान कशाने गेलं ते आत्ताच सांगितलं ना? बंदी नको. मला भांडायला बोलवायला हवं होतं. आमच्याकडे मौलवी बोलतात, दुकानदार बोलतात, कादंबरी वाचणाऱ्या पोरी पेपरला पत्रं लिहितात. माणसं तुरुंगात जातात आणि सुटून आल्यावर पुन्हा सिनेमा काढतात. तुझ्या स्किटमध्ये मी होतो, आणि हॉलमध्ये बोलायला माझ्यासाठी जागाच नव्हती."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंदा गॅदरिंगच्या आधी 'आक्षेपार्ह स्किट चालणार नाहीत' अशी नोटीस लागायची होती. आक्षेपार्ह म्हणजे काय ते ठरवणार कमिटीच. आम्ही काही जण सरांकडे गेलो आणि म्हटलं, नोटीस नको, सगळ्या स्क्रिप्ट मेसमध्ये जेवणानंतर जाहीर वाचू द्या. कुणीही यावं, कुणीही बोलावं. सर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "प्लेटा फुटल्या तर तुमच्या डिपॉझिटमधून."

प्लेटा फुटल्या नाहीत, आवाज मात्र खूप झाला. सेकंड इयरच्या मुलींनी माझ्याच नव्या स्क्रिप्टमधला एक विनोद धरला. तो कुणाला लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अर्धा तास वाद घातला. शेवटी मी तो काढला, आणि खरं सांगायचं तर पूर्ण पटून काढला नाही. अजूनही रात्री वाटतं, तो विनोद बरा होता. पण त्या समोर होत्या आणि बोलत होत्या.

परत येताना जिन्यात मी कानोला विचारलं, "तुला आम्ही कानो म्हणतो, ते चालतं ना रे?"

तो दोन पायऱ्या तसाच चढला. मग म्हणाला, "चालतं. माझ्या गावाचं नाव आहे. पण हे पहिल्या आठवड्यात विचारायचं होतंस."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी