ज्वारीच्या खळ्यानंतरचे सात दिवस

आमच्या वळसंगहून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं म्हटलं, तरी आमची मालकीण आदल्या रात्रीपासून तयारीला लागते. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर आणि विजापूर एवढ्या चौकटीत आमचं सगळं फिरणं झालं. मी दहावी झालो आणि वडिलांच्या मागं औताला लागलो. तेव्हापासून सुट्टी हा शब्द शाळेतच राहिला. जनावरांना सुट्टी नसते, म्हणून आम्हालाही नव्हती. अशा माणसानं साठी ओलांडल्यावर बायकोला घेऊन सात दिवस नेदरलँड्स बघायला जायचं ठरवलं, तर भावकीत काय चर्चा होईल ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको.

नेदरलँड्स म्हणजे आपण शाळेत हॉलंड म्हणून शिकलो तो देश. इथल्याच डच लोकांची वखार वेंगुर्ल्यात अजून पडक्या अवस्थेत उभी आहे. आमची लेक आणि जावई आइंडहोव्हन गावात राहतात. जावई तिथं कंपनीत इंजिनिअर आहेत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, असं आमच्या आईच्या पिढीत होतं. आता नातू तीन वर्षांचा झाला, तरी पाणी प्यायचं राहूनच गेलं. तो आजीला फोनवरच बघतो. एकदा त्यानं आईला विचारलं, "आज्जीला पाय असतात का?" फोनमध्ये चेहराच दिसतो, पाय कुठून दिसणार! आम्ही सगळे हसलो. मालकीण हसली नाही. ती उठून चुलीकडं गेली.

लेक म्हणायची, तीन महिने या. तीन महिने शेत आणि दोन म्हशी कुणाच्या जिवावर टाकायच्या? आठवडा म्हणालो, तेही कधी, यावर डोकं चालवावं लागलं. आमचं सगळं साल पावसावर बांधलेलं. मृगाच्या आधी मशागत, मग तूर, मग रब्बीची ज्वारी. फाल्गुनात ज्वारी काढून खळं उरकलं, कडब्याची गंज रचली, की रोहिणी निघेपर्यंत रान मोकळं असतं. म्हणजे एप्रिल. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आप्पा, तिथं ट्यूलिपची फुलं बघायची वेळ तीच. लिस गावची ती मोठी बाग वर्षातून आठच आठवडे उघडी असते, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत." आमच्या ज्वारीचं आणि त्यांच्या फुलांचं पंचांग जुळलं, याचंच मला नवल वाटलं.

मग पैशाचा विषय निघाला. जावयाच्या पैशानं फिरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तुरीचे आणि कडब्याचे मिळून पैसे होते. दोन तिकिटं, व्हिसा, विमा, गरम कपडे आणि तिथलं फिरणं धरून सव्वादोन लाखांचा अंदाज निघाला. थोरले भाऊ, म्हणजे आमचे अण्णा, हिशोबाचा कागद बघून म्हणाले, "एवढ्या पैशात बोअर पडतोय की. मोटार-पाइपासगट." त्यांचं खोटं नव्हतं. आमच्या रानात दोन बोअर पाचशे फुटांवर जाऊनही कोरडेच निघाले, आणि विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. मी गप्प बसलो. मालकीण दारातून बोलली, "अण्णा, बोअरला पाणी लागंल न लागंल. पोरगं काय वाढायचं थांबत न्हाई." अण्णांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि निघून गेले. पुढं महिनाभर ते या विषयावर बोलले नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला असं जायचं असेल तर सांगतो, आधी कागद बघा. पासपोर्टचं काम आता सोलापुरात पोस्टातच होतं. पण आमच्या वयाच्या माणसांचा जन्म मास्तरांच्या लेखणीतून झालेला. माझी तारीख 1 जून, मालकिणीची 1 जून, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची 1 जून. तारखेवरून कुणी अडवलं नाही, पण मालकिणीचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. दोन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध करण्यात दोन महिने गेले.

व्हिसा शेंगेनचा. त्या एका शिक्क्यावर 29 देशांत फिरता येतं. फी माणशी 90 युरो, विमा कमीत कमी 30 हजार युरोंचा. लेक-जावयांनी तिथल्या नगरपालिकेत जाऊन आमच्या राहण्याच्या फॉर्मवरची सही प्रमाणित करून घेतली. इकडं माझ्याकडं दाखवायला सातबारा आणि आठ-अ. त्याचं इंग्रजी करायला सोलापुरातल्या एका माणसाकडं गेलो. तरुण पोरगा होता. 'पोटखराबा' शब्दावर अडला आणि विचारतो, "काका, हा कसला आजार?" त्याला सांगितलं, जमिनीतला जो तुकडा पिकत नाही पण सातबाऱ्यावर असतो, तो पोटखराबा.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबईला गेलो. तिथल्या बाईंनी पगाराची चिठ्ठी मागितली. म्हटलं, आम्ही पगार घेणारे नाही, देणारे. खुरपणीला बाया असतात त्यांना. त्या हसल्या. बोटांचे ठसे देताना मालकिणीची बोटं यंत्राला उमटेनात. चाळीस वर्षं खुरपं धरून रेषाच झिजल्या होत्या. तिसऱ्या वेळेला उमटल्या.

त्यांना मुख्य शंका असते ती माणूस परत जाणार का याची. त्याचा पुरावा म्हणून सातबारा लावतात. मला गाडीत परत येताना हे सारखं आठवत होतं. ज्या पाच एकरांनी मला आयुष्यभर कुठं जाऊ दिलं नाही, तीच जमीन आता मी परत येणार म्हणून जामीन राहिली.

व्हिसा आला. मग कुठं काय बघायचं हा खरा प्रश्न उभा राहिला. पुण्याच्या मुलानं फोनवर आराखडा पाठवला. सात दिवसांत चार देश: पॅरिस, ब्रुसेल्स, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि उरलेल्या वेळात नेदरलँड्स. "एकच व्हिसा आहे आप्पा, तर बघून घ्या." मालकिणीनं मला तो वाचायला लावला. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्यात आपली लेक कुठाय?"

तो आराखडा तिथंच संपला. वहीच्या पानावर आम्ही नवा केला. देश एकच. सातातले दोन दिवस लेकीच्या घरी, कुठंही न जाता. उरले पाच. एक फुलांच्या बागेचा. तिथं दर वर्षी सत्तर लाखांच्या आसपास गड्डे हातानं लावतात. ट्यूलिपचा गड्डा दिसायला आपल्या कांद्यासारखाच. 1637 साली त्याचा भाव चढता चढता काही गड्डे घराच्या किमतीला गेले आणि मग एकदम पडले. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, उपासमार झाली तेव्हा तिथल्या लोकांनी हेच गड्डे शिजवून खाल्ले. हे मी वाचून दाखवलं तेव्हा मालकीण म्हणाली, "आपण बाहत्तरला मिलो खाल्ला तसं." तोपर्यंत तिला ती बाग म्हणजे श्रीमंतांची हौस वाटत होती. त्या दिवसापासून तिनं बागेचा दिवस स्वतःहून पहिला घेतला.

माझे दिवस पाण्याचे. किंडरडाइकला 19 पवनचक्क्या आहेत, 1740 च्या सुमाराच्या. पीठ दळायला नाही, रानातलं पाणी उपसून नदीत टाकायला. दुसरा दिवस समुद्रातल्या बांधाचा. 32 किलोमीटर लांब, 1932 साली पुरा झालेला. मालकीण म्हणाली, "बांध बघायला इतक्या लांब? बांधावरनं तर आपली भांडणं." तिला सांगितलं, त्या देशाचा चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली आहे. 1953 च्या फेब्रुवारीत दक्षिणेकडचे बांध फुटले आणि एका रात्रीत 1836 माणसं गेली. आपलं विमान उतरणार तो विमानतळसुद्धा एकेकाळी तळ्याचा तळ होता. ते तळं 1852 पर्यंत उपसून त्यांनी शेतं केली. आपल्याकडं उजनीच्या पाण्याखाली गावं गेली. पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. तिथं उलटं झालं. शिवाय तिथं पाण्याची वेगळी मंडळं आहेत, 21, आणि त्यांची निवडणूक होते. पाण्यासाठी मतदान करणारी माणसं मला बघायची आहेत.

एक दिवस ॲमस्टरडॅमचा. तिथल्या संग्रहालयात व्हॅन गॉगचं 'बटाटे खाणारे' हे चित्र आहे. ते त्यानं 1885 साली न्यूनेनला काढलं, लेकीच्या गावाला लागूनच. कंदिलाच्या उजेडात शेतकऱ्याचं घर जेवायला बसलंय आणि सगळ्यांचे हात राबून खडबडीत. ते मालकिणीला दाखवायचं आहे. मुंबईत तिची बोटं उमटत नव्हती तेव्हाच मी ते ठरवलं. शेवटचा दिवस कुठलाही नाही, तो पावसासाठी राखून ठेवला. तिथं पाऊस कधीही येतो म्हणे.

सध्या बांधाबांध चालू आहे. तूप, खवा, पेढे न्यायची बंदी आहे. दुधाचं आणि मांसाचं काही तिकडं चालत नाही. बियाणं नाही, रोप नाही. म्हणून कुंडीतली तुळस इथंच राहणार. शेंगाचटणी, काळा मसाला आणि कडक भाकरी चालते. वजनकाट्यावर बॅग ठेवून मालकीण एक स्वेटर काढते आणि त्या जागी दहा भाकऱ्या घालते. तिथं एप्रिलात सकाळी आठ-दहा डिग्री असतं, हे सांगून झालं. ऐकत नाही.

परवा संध्याकाळी अण्णा आले. म्हशींच्या दावणीजवळ उभे राहून त्यांनी कडब्याची गंज निरखली. मग म्हणाले, "सकाळची धार मी काढतो, संध्याकाळची पोरगं काढंल. वैरण किती टाकायची तेवढं सांगून जा." मी सांगितलं. जाता जाता फाटकाशी थांबले.

"ते पाणी बाहेर काढतात म्हणतोस नव्हं?"

"होय."

"कसं काढतात, नीट बघून ये." आणि मग कानडीत, आमच्याकडं घरातून निघणाऱ्याला म्हणतात तसं, मालकिणीकडं बघून म्हणाले, "होगि बर्री." जाऊन या.